घोंगड्यांची खोली

"ओरडा दादा, पोटभर ओरडा," मी म्हणाले आणि रणधीरदादाच्या तोंडावर दार लावून घेतलं.

त्याच्या तोंडावर दार लावायची हिंमत अख्ख्या निगवडीत दुसऱ्या कुणाची झाली नसती. पण तो माझ्या खोलीत आला होता, आणि त्या खोलीपुढे मला कुणाचीच भीडभाड नव्हती. बाहेर त्याचा उजवा हात दगडू दाराला कान लावून उभा होता. मी खुर्चीवर पाय हलवत बसले.

थोड्या वेळाने दार उघडलं. रणधीरदादा घामाने डबडबून बाहेर आला. मानेच्या शिरा अजून फुगलेल्या होत्या.

"काय ऐकलंस?" त्याने दगडूला विचारलं.

"काय न्हाई, दादा."

"आरं, तुजी आयमाय काडली म्या. बेंबीच्या देठापास्नं."

"देवाशपथ न्हाई ऐकू आलं."

रणधीरदादाने दारावर थाप मारली, आतल्या घोंगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "वैजाक्का, खोली लई नामी हाय तुजी." माझी छाती अशी फुगली, की त्या दिवशी मला दोन घास कमीच गेले.

आम्ही गुरव. बाप देवळात सनई वाजवायचा, तो गेला. आई त्याच्या आधीच गेली होती. मागे राहिलो मी आणि माझा धाकटा भाऊ शशिकांत. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेली, आणि नवऱ्याला माझी जीभ झेपली नाही म्हणून माहेरी परत आलेली. घरात बसून टीव्ही, टेप दुरुस्त करायचे. शशीला देवाने गळा दिला होता. पहाटेची काकड आरती तो म्हणायचा, तेव्हा वेशीपलीकडचे लोकही कूस बदलून ऐकत पडायचे.

त्या गळ्यासाठी मी कॉम्प्युटर आणला. एका पतसंस्थेने बाद करून कोपऱ्यात टाकलेला, पिवळा पडलेला, चालू केला की पिठाची गिरणी लावल्यासारखा घरघरणारा. पहिलं गाणं रेकॉर्ड केलं आणि ऐकलं तर शशीच्या मागे पंखा घरघरतोय, शेजारची म्हैस हंबरतेय, आणि सगळ्याच्या खाली विजेची एक बारीक भुणभुण. कोल्हापुरात भेटेल तो सांगायचा, नवीन मशीन घ्या ताई, याच्यात काही राम नाही. मला असं कुणी सांगितलं की माझं टाळकं फिरतं.

मशीन ओरडतंय ना, मग त्याला खोलीबाहेर काढलं. कोठीच्या भिंतीला भोक पाडलं, माइकची वायर त्यातून आत नेली. कोठीच्या चारी भिंतींना भाताच्या तुसाची पोती लावली आणि त्यांच्यावर धनगरांकडून आणलेली जुनी घोंगडी ठोकली, छतालासुद्धा. एकाचे दोन दरवाजे केले, फटींना ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर. परड्यात खड्डा खणून मीठ आणि कोळसा घालून चांगलं अर्थिंग केलं, तेव्हा ती भुणभुण मेली. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणायचा म्हणून ती काढून साधा बल्ब लावला, आणि त्याच्या बटणाचा खटका माइकमध्ये येतो म्हणून बटण बाहेर सोप्यात घेतलं. एका बंद पडलेल्या बँडवाल्याचा मिक्सर मिळाला, त्याच्या सरकत्या बटणांत मी महिनाभर ब्रशने रॉकेल घालत होते. त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला एका वेळी फार आवाज झेपायचे नाहीत, धाप लागायची. मग दोन-दोन आवाज एकात मिसळून त्याला थोडं थोडं भरवायचं. पण शेवटी असा आवाज निघाला, की शशीने गायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा वेगळा ऐकू यायचा. कोल्हापूरच्या स्टुडिओतला एक जण ऐकून म्हणाला, हे घरचं नाही. मी त्याला तुसाच्या पोत्यांचं सांगितलंच नाही.

रणधीरदादा आला तो वाढदिवसाचं गाणं करायला. वाळूचे ट्रक, पुढच्या निवडणुकीवर डोळा, तलवारीने केक कापायचा, सगळं रीतसर. आदल्या वर्षी मिरवणुकीत मध्येच आवाज बंद पडला, म्हणून त्याने साउंडवाल्याची दोन बोटं तिथल्या तिथे मोडली होती. बाप मात्र देवमाणूस. ज्ञानू वस्ताद. सत्तरी ओलांडलेला, एक गुडघा कायमचा आखडलेला, तरी तालीम सोडली नव्हती. मुलगा बंगल्यात राहायचा, बाप तालमीत घोंगडं टाकून झोपायचा. दोघांचं बोलणं गावाने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

गाण्यात रणधीरदादाची एकच अट. "शेवटचं कडवं म्या गानार."

गायला. म्हशीच्या शेपटीवर कुणी पाय द्यावा तसं गायला. शशी काठीसारखा ताठ बसून ऐकत होता. दादाची गाडी धुरळा उडवत गेली आणि शशी म्हणाला, "अक्का, हे असं मी भाईर जाऊ देनार न्हाई."

"गाणं त्याचं, वाढदिवस त्याचा, बेसूर त्याचा. तुझ्या बाचं काय जातंय?"

"खोली आपली हाय. गाव म्हनंल, गुरवाच्या घरात असलं निघतंय."

"बोटं मोडतो तो, शशी."

"आगं, सोताचा आवाज कुनाला वळकायला येतोय? त्येच्यावानी दाबून गातो. त्येला वाटंल, आपुनच."

मी त्याला माउस फेकून मारला. त्याने तो झेलला आणि हसला. सगळी संध्याकाळ भांडलो. मी दमले, तो दमला नाही. त्याने ते कडवं पुन्हा गायलं आणि दादाचा आवाज पुसून टाकला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी चौकात, आमच्या घरासमोरच, ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी राहिली. घराइतकी उंच. साउंडवाल्यांनी आमच्या खिडकीतून लांब वायर आत घेऊन माझ्या मिक्सरला जोडली आणि जेवायला निघून गेले. चौकात जत्रेसारखी गर्दी. रणधीरदादा पांढऱ्या कपड्यांत मधोमध खुर्ची टाकून बसला होता. मी गाणं लावलं.

काय वाजलं ते! इतकं मोकळं, इतकं स्वच्छ, की मी खिडकीत उभ्या उभ्या रडायला लागले. शेवटचं कडवं जवळ आलं तसा दादा उठून उभा राहिला. "आता ऐका. ह्ये म्या गायलंय."

आणि खरंच, शशी म्हणाला होता तसंच झालं. दादाने ते ऐकलं, मान डोलावली, मिशीला पीळ दिला. त्याला ओळखू आलं नाही. ओळखलं भाजीवाल्या सरूबाईने.

"आगं बया, ह्यो तर आपला शशी न्हवं का!"

सगळी पहाट ज्याच्या आवाजाने उजाडते त्याचा आवाज गाव कसा विसरेल? एक जण फिसकन हसला, मग दहा, मग सगळा चौक. सगळ्यांत जास्त वेळ हसला तो रणधीरदादा. हसत हसतच त्याने शशीच्या खांद्यावर हात टाकला. "लबाडा! चल, परत गातो. आता सगळ्यांम्होरं हुं दे."

ते आमच्या घरात आले. मागून दगडू. आणखी एक पैलवान उंबऱ्यावर बसला. शशीला भीती वाटलेली नव्हती, उलट बरंच वाटलं होतं. "दादा, मी सा धरून देतो तुमास्नी. जमतंय," असं म्हणत तो आत गेला.

"वैजाक्का, लाव मशीन," दादा म्हणाला आणि तिघांच्या मागे दोन्ही दारं लागली. मी चौकाकडे जाणारं बटण खाली ओढलं, माइकचं वर केलं, हेडफोन कानाला लावले. आतून कडी पडल्याचं ऐकलं. त्यानंतर काहीच नाही. मी घोंगड्यांनी आणि तुसाने बनवलेली ती शांतता.

मग फाडकन आवाज आला. मला वाटलं माइक पडला.

"दादा, आवं..." शशी म्हणाला.

"धर रं ह्येला. हात मागं. मागं वड."

पुढचे आवाज सांगायला नकोत, पण सांगते, कारण मला ते एकेक वेगळे ऐकू येत होते. उघड्या पंजाचा वेगळा, मुठीचा वेगळा, मूठ बरगडीवर बसते त्याचा वेगळा. दगडूचं धापणं. शशीच्या तोंडातून निघालेली हवा. मग दादा माइकच्या अगदी जवळ आला. त्याचा श्वास माझ्या कानाला लागला.

"वैजाक्का, ऐकतीस न्हवं? ऐक. तूच म्हनलीस, भाईर काय जात न्हाई."

मी हेडफोन फेकून दाराला भिडले. मुठी आपटल्या, लाथा घातल्या, अंगाने धडका मारल्या. आतल्या बाजूला घोंगडी, मध्ये रबर. दार नुसतं भप् भप् करत होतं. उंबऱ्यावरचा पैलवान म्हणाला, "बसा की आक्का. गानं चाललंय त्येंचं." मी त्याला वरवंटा फेकून मारला. तो त्याच्या कानाजवळून गेला आणि चौकटीला लागला. पैलवान उठला, माझा हात धरून त्याने मला खुर्चीत दाबून बसवलं आणि परत जाऊन बसला.

हेडफोन टेबलावर पडले होते. त्यांच्यातून बारीक आवाज येत होता. मी एक कानाला लावला.

"त्यो दांडा घे माइकचा. गळा वर कर ह्येचा. वर कर. आता कुटनं गातोय बगू."

मी चौकाचं बटण वर ढकललं. शेवटपर्यंत.

खिडकीची तावदानं थरथरली. घराएवढ्या भिंतीतून लोखंडाचा दांडा माणसाच्या गळ्यावर बसल्याचा आवाज बाहेर पडला आणि चौकातली सगळी कबुतरं उडाली. पुढचा शशीचा आवाज, तो आवाजही नव्हता, चिखलात पाय रुतल्यावर काढताना येतो तसं काहीतरी.

"गा की! गा! काकड आरती म्हन!" चौकभर रणधीरदादा गरजत होता. आणि जी खोली आवाज बाहेर जाऊ देत नाही ती आतही येऊ देत नाही. आपण सगळ्या गावासमोर बोलतोय हे त्या चार भिंतींत उभ्या असलेल्या माणसाला कळायला मार्गच नव्हता.

मी खिडकीतून ओरडले, "या की रे! आत मारतायत त्याला! या!"

कुणी आलं नाही. शेकडो माणसं होती. मगाशी हसलेली सगळी. कुणी स्पीकरकडे बघत होतं, कुणी चपलेकडे. वाण्याने शटर अर्ध्यावर ओढलं. सरूबाईने पाटी डोक्यावर घेतली आणि डोळ्याला पदर लावून निघून गेली. मी त्या गावाला ज्या शिव्या दिल्या त्या बापाने सनई वाजवलेल्या घरात कधी उच्चारल्या गेल्या नव्हत्या. ज्यांच्या लग्नात, बारशात शशी फुकट गायला होता ती माणसं दांड्याचा एकेक फटका ऐकत उभी होती.

एवढ्यात उंबऱ्यावरच्या पैलवानाच्या डोक्यात उजेड पडला. तो दाराकडे धावला आणि दादाला सांगायला दार बडवू लागला. भप्, भप्. माझ्याइतकंच त्याचंही चालेना.

मग गर्दी मधोमध फाटली. तालमीकडून ज्ञानू वस्ताद येत होता. कमरेला धोतर, उघड्या अंगाला आखाड्याच्या हौद्यातली लाल माती, आखडलेला गुडघा ओढत. घाई केली नाही, थांबला नाही. स्पीकरमधून त्याचा मुलगा म्हणत होता, "नीट धर रं, हलतोय," तेव्हा म्हातारा क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. मग आमचा उंबरा चढला. पैलवानाने सवयीने वाकून पाया पडायला हात पुढे केला. वस्तादाने तो पायाने बाजूला सारला.

"दार उघड, पोरी."

"आतनं कडी आहे, वस्ताद. ठोकलेलं ऐकू जात नाही आत."

बाहेर आणखी एक फटका वाजला. मी भिंतीवरचं बटण दाबून खोलीतला बल्ब बंद केला.

"लाईट गेली काय? वैजे!" चौकातल्या स्पीकरमधून दादाचा आवाज आला. "ए वैजे, लाईट लाव!" कडी निघाली, आतलं दार उघडलं, बाहेरचं उघडलं, आणि हातात दांडा घेऊन रणधीरदादा बाहेर आला तो थेट बापासमोर.

"आबा," तो म्हणाला. मग त्याला चौकातून आपलाच आवाज आला. त्याने खिडकीकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

दगडूने शशीला सोडलं. मी त्याला काखेत धरून बाहेर ओढलं आणि टेबलाच्या पायाशी मांडीवर घेतलं. तोंड ओळखू येत नव्हतं. गळा सुजून काळानिळा झाला होता आणि श्वास शिट्टीसारखा येत होता. पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. शशी जगला. आज त्याला दोन मुली आहेत. बोलतो ते फाटलेल्या कापडासारखं. काकड आरतीला टाळ वाजवतो, तोंड उघडत नाही.

"आबा, तुमी ह्यात पडू नगा," रणधीर म्हणाला.

"आत चल."

"आबा, गाव हसलं मला."

"आत चल म्हनलं न्हवं?"

तालुका ज्याला चळचळा कापायचा तो मागे मागे सरकत खोलीत गेला. वस्तादाने दगडूला मान धरून बाहेर फेकला, स्वतः आत गेला आणि दार लावताना मला म्हणाला, "लाईट लाव. आनि त्ये चौकाचं बटन हाय तसंच ऱ्हाऊ दे."

मी बल्ब लावला. हेडफोन कानाला लावले. चौकात एक माणूस हलला नव्हता.

"हात सुटं हुतं का त्येचं?" वस्ताद म्हणाला.

रणधीरची पाठ घोंगड्यांना घासत मागे सरकली.

"म्या इचारतोय. ज्येला मारलंस त्येचं हात सुटं हुतं का?"

"न्हाई."

"तालमीत काय शिकवलं तुला? धरल्याल्याला मारायचं? पडल्याल्याला मारायचं?" म्हातारा माइककडे वळला असावा. आवाज जवळून आला. "गावानं त्ये ऐकलंय. आता ह्येबी ऐका. कंच्या हातानं मारलंस?"

"आबा, जाऊ द्या मला."

"कंच्या हातानं?"

रणधीरने त्याला ढकललं. म्हातारं अंग पोत्यांवर आदळल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपला म्हातारा. मग दोघांच्या झटापटीचा, कापड फाटल्याचा, दातावर दात घासल्याचा. रणधीरच्या शिव्या, आणि त्यांच्या खाली वस्तादाचा श्वास, संथ, सारख्या अंतराने येणारा. मग एकदम शिव्या थांबल्या. कसलातरी डाव बसला होता.

"आबा, सोडा. आबा, नगा. आबा..."

हाड मोडलं. दोन वर्षं खपून मी त्या खोलीत ज्या स्वच्छ आवाजाच्या मागे होते, तितका स्वच्छ आवाज त्याआधी माझ्या कानांनी ऐकला नव्हता. मागे घरघर नाही, भुणभुण नाही. ऊस गुडघ्यावर मोडतात तसा. तो चौकभर वाजला, आणि त्यानंतर रणधीरची किंकाळी.

शशीने माझा हात धरला. त्याला बोलता येत नव्हतं. सुजलेल्या डोळ्यांनी मिक्सर दाखवून त्याने बोट आडवं हलवलं. बंद कर. मी बंद केलं नाही. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? प्रत्येक किंकाळीला माझ्या पोटात थंड पाणी उतरत होतं. ज्यांनी शटर ओढलं त्यांनीही ऐकावं, जे चपलेकडे बघत होते त्यांनीही ऐकावं, असं मला वाटत होतं.

किंकाळ्या कमी होऊन कण्हणं उरलं. आणि त्या कण्हण्याच्या बाजूला आणखी एक आवाज सुरू झाला. आधी मला कळेना. कुणीतरी तोंडात मूठ कोंबून हुंदका दाबावा तसा. दोन वेळा दाबला गेला, तिसऱ्यांदा सुटला.

मी चौकाचं बटण खाली ओढलं.

बाहेरची भिंत मुकी झाली. लोकांनी खिडकीकडे माना वळवल्या. वाणी अर्ध्या शटरखालून वाकून ओरडला, "वैजाक्का, आवाज गेला की वो!"

"गेला," मी म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

माझ्या कानात म्हातारा रडत होता. रडता रडता त्याने बहुतेक मुलाचं डोकं छातीशी घेतलं, कारण दोघांचे श्वास एकाच जागेवरून यायला लागले.

"लई दुकतंय का रं, बाळा?" वस्ताद म्हणाला.

"व्हय, आबा."